कार्बुरेटरच्या गाडीला टर्बो बसवताना: टर्बो सर्वांत शेवटी विकत घ्या

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत अनेक अंगणांत ताडपत्रीखाली एखादी जुनी जिप्सी, एस्टीम किंवा प्रीमियर पद्मिनी उभी असते. घरातल्या एखाद्या तरुणाला तिच्यात पुन्हा जीव ओतावासा वाटतो आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात भंगार अड्ड्यावरून आणलेल्या टर्बोने, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने, होते. फोंड्यातल्या माझ्या शेडमध्येही ती तशीच झाली होती. टर्बो हाती आला की काम निम्मे झाले असे वाटते. प्रत्यक्षात तो हाती आला तेव्हा काम सुरूही झालेले नसते. कार्बुरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या) इंजिनाला टर्बो जोडणे हे मुख्यतः पेट्रोल पुरवण्याचे काम आहे. हवा दाबून भरणे सोपे असते. तेवढ्याच दाबाविरुद्ध, तेवढ्याच वेळात, योग्य प्रमाणात पेट्रोल पोहोचवणे अवघड असते आणि इंजिन फुटते ते तिथेच. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. टर्बोची निवड अगदी शेवटी येते.

उदाहरणासाठी मी १२९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, आठ व्हॉल्व्हचे सुझुकी इंजिन घेतले आहे, कारण कार्बुरेटरची एस्टीम आणि जिप्सी किंग यांमुळे ते आपल्याकडे सहज मिळते आणि त्याचे सुटे भाग अजून बाजारात आहेत. तुमचे इंजिन वेगळे असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

कायदा आणि हेतू

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले पाहिजे असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२अ प्रमाणे विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि त्याचा फटका समोरच्या निरपराध माणसालाही बसू शकतो.

म्हणून माझा आग्रह असा की ही गाडी बंदिस्त ट्रॅकसाठी आणि अधिकृत स्पर्धांसाठीच बांधावी आणि तिथपर्यंत ती दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी. अशा स्पर्धांचे नियम भारतात एफएमएससीआय ही संस्था ठरवते; तुमच्या वर्गात टर्बो चालतो का, हे नियमावलीत आधी पाहून घ्यावे. अनमोड किंवा चोर्ला घाट ही चाचणीची जागा नव्हे. मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, मूळ कार्बुरेटर आणि मूळ पंप मात्र फेकू नका. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि कधी ना कधी गाडी मूळ रूपात आणावी लागेल, हे धरूनच चालावे.

इंजिनाची तपासणी

टर्बो थकलेल्या इंजिनाचे आयुष्य वाढवत नाही, उलट कमी करतो. गरम इंजिनावर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा आणि वहीत लिहा. आकडा किती आला यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा असतो. तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आधी इंजिन उघडावे लागेल. ऑइलचा दाब, रेडिएटर, पाण्याचे होस आणि क्लच यांचीही हीच वेळ आहे.

त्यानंतर कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण. कमी दाबाच्या पहिल्या बांधणीसाठी तो ८ ते ८.५ च्या दरम्यान असावा, असे मी मानतो. वरच्या इंजिनाचा बोअर ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर सुमारे ३२५ सीसीचा. रेशो ९ असेल तर वरची जागा, म्हणजे हेड, पॅकिंग आणि पिस्टनची खळगी मिळून, सुमारे ४०.६ सीसी होते. तो ८.२ वर आणायचा तर ती जागा ४५ सीसी करावी लागते. हा साडेचार सीसीचा फरक हेडचे पॅकिंग जवळजवळ एक मिलिमीटरने जाड केल्याइतका आहे. परंतु जाड पॅकिंग हा सोपा मार्ग असला तरी चांगला नाही: पिस्टन आणि हेड यांच्यातली अरुंद फट वाढली की मिश्रण नीट घुसळले जात नाही आणि जे नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप, अवेळी होणारा स्फोट) टाळायचे होते तेच लवकर सुरू होते. पिस्टन बदलणार असाल तर खोलगट पिस्टन घ्या. बदलणार नसाल तर रेशो तसाच ठेवून बूस्ट (टर्बोने वातावरणाहून वाढवलेला हवेचा दाब) कमी ठेवा. आणि हे सर्व कागदावरच्या आकड्यांवर करू नका. काचेचा ब्युरेट आणि रॉकेल घेऊन हेडचे माप स्वतः काढा.

कार्बुरेटर टर्बोच्या आधी की नंतर

दोन रचना आहेत. पहिलीत टर्बो कार्बुरेटरमधून हवा ओढतो, म्हणजे पेट्रोल मिसळलेली हवा कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) जाते. १९६२ मध्ये अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरले कॉर्व्हेर मोन्झा स्पायडर या दोन्ही गाड्यांत हीच रचना होती. तिचा मोठा फायदा असा की कार्बुरेटर नेहमीसारख्याच हवेत काम करतो, त्यामुळे त्याला दाब सहन करावा लागत नाही आणि पेट्रोलचा दाबही वाढवावा लागत नाही. परंतु तोटे जड आहेत. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावता येत नाही, कारण त्यात पेट्रोल साचून तो स्फोटक मिश्रणाने भरलेला डबाच होईल. थ्रॉटल बंद असताना कॉम्प्रेसरमागे निर्वात निर्माण होऊन टर्बोचे ऑइल ओढले जाते, म्हणून कार्बन सील असलेला खास टर्बो लागतो आणि आजच्या गाड्यांचे टर्बो तसे नसतात. थंड इंजिन सुरू करतानाही लांब पाइपात पेट्रोल चिकटून राहते.

दुसऱ्या रचनेत टर्बो कार्बुरेटरमध्ये हवा फुंकतो. ब्रिटनची एमजी मेट्रो टर्बो, फ्रान्सची रेनो ५ जीटी टर्बो आणि दोन डेलॉर्टो कार्बुरेटरवर चालणारी लोटस एस्प्रिट टर्बो या १९८० च्या दशकातल्या गाड्या याच पद्धतीच्या. मेट्रोचे इंजिन १२७५ सीसीचे होते, म्हणजे आपल्या उदाहरणाच्या अगदी जवळचे, आणि गियरबॉक्सला झेपावे म्हणून तिचा बूस्ट जाणूनबुजून मर्यादित ठेवला होता. ही गोष्ट आपणही लक्षात ठेवावी, कारण आपल्या जुन्या गाड्यांचे गियरबॉक्सही मूळ ताकदीपुरतेच बेतलेले आहेत. नवशिक्याने हीच दुसरी रचना निवडावी. इथून पुढचे सर्व तिच्याविषयी आहे.

आकडेमोड

वही, पेन्सिल आणि अर्धा तास एवढेच लागते. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा घेते. ६,००० फेऱ्यांना १.२९८ लिटर गुणिले ३,००० म्हणजे मिनिटाला सुमारे ३,८९० लिटर. सिलिंडर प्रत्यक्षात साधारण ८० टक्के भरतात असे धरले तर ३,११५ लिटर. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ३५ अंश असतात. त्या तापमानाला समुद्रसपाटीवरच्या एक हजार लिटर हवेचे वजन सुमारे १.१५ किलो भरते. म्हणजे टर्बोविना हे इंजिन मिनिटाला सुमारे ३.५७ किलो हवा घेते.

आता ०.४ बार, म्हणजे जवळजवळ सहा पीएसआय (चौरस इंचाला पौंड) बूस्ट धरू. हवेचा दाब १.४ पट झाला, म्हणून हवाही १.४ पट आली असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. दाबल्याने हवा तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ३५ अंशांची हवा सुमारे ८२ अंशांवर जाते आणि तापलेली हवा विरळ असल्यामुळे प्रत्यक्ष वाढ होते ती फक्त २१ टक्के. मध्ये इंटरकूलर घालून ती ५० अंशांवर आणली, तर पाइपांतली दाबाची घट वजा करूनही वाढ ३० टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्या दमट, उष्ण किनाऱ्यावर इंटरकूलर ही चैन नाही, हे या एका हिशेबातून पटावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थंड हवेमुळे नॉकिंग दूर राहते. डिझेल गाडीचा वापरलेला छोटा इंटरकूलर पुरतो. मात्र त्याला आतून रॉकेलने दोन-तीनदा धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावे, कारण त्यात जुन्या टर्बोचे ऑइल आणि कधी कधी फुटलेल्या पात्यांचे कणही असतात.

म्हणजे हवा ३.५७ गुणिले १.३, सुमारे ४.६ किलो. आता पेट्रोल. शुद्ध पेट्रोलचे पूर्ण ज्वलन १४.७ भाग हवेला एक भाग इंधन या प्रमाणात होते, परंतु आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ते प्रमाण सुमारे १३.५ आहे. बूस्टखाली मिश्रण त्याहून २० टक्के श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचे, हवे, म्हणजे १०.८. यावरून मिनिटाला ०.४३ किलो, म्हणजेच तासाला सुमारे ३५ लिटर पेट्रोल लागते. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरणार आहे.

पेट्रोलचा दाब: इंजिने इथे मरतात

कार्बुरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात) पेट्रोल शिरते ते दाबातील फरकामुळे. मूळ गाडीत पंप साधारण तीन पीएसआय दाब देतो आणि चेंबरमध्ये वातावरणाचा दाब असतो, म्हणून पेट्रोल आत येते. फुंकणाऱ्या रचनेत चेंबरमध्येही बूस्टचा दाब असतो, आणि तो असलाच पाहिजे, नाहीतर जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल वर चढण्याऐवजी हवा खाली ढकलली जाईल. आता बूस्ट सहा पीएसआय झाला आणि पंप तीनच देत असला तर पेट्रोल आत येणारच नाही.

माझ्याकडून नेमके हेच झाले. कॅमशाफ्टवर चालणारा मूळ पंप, ज्याला गॅरेजात सगळे एसी पंप म्हणतात, तो मी तसाच ठेवला होता, कारण साध्या चालवण्यात गाडी उत्तम धावत होती. कोल्हापूरकडच्या एका बंद ट्रॅकवर तिसऱ्या गियरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबला. चेंबरमध्ये साठलेल्या पेट्रोलावर गाडी चार-पाच सेकंद जोरात ओढली, मग आवाज एकदम कोरडा झाला आणि ताकद ओसरली. मी पाय काढायला उशीर केला. प्लग काढला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक चकचकीत ठिपके होते. ते पिस्टनचे अॅल्युमिनियम होते. उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगांमधला कडा तुटलेला निघाला. चार-पाच सेकंदांची किंमत एक बोअर आणि चार पिस्टन.

म्हणून नियम असा की पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर एकास एक वाढला पाहिजे. बूस्ट शून्य असताना तीन पीएसआय, सहा असताना नऊ. यासाठी लागतात तीन गोष्टी: बूस्टची नळी जोडता येणारा रेग्युलेटर, टाकीपर्यंत परत जाणारी पेट्रोलची लाइन आणि किमान बारा पीएसआय दाबाला तासाला ६० लिटर देऊ शकणारा इलेक्ट्रिक पंप. इंजेक्शन गाडीचा जास्त दाबाचा पंपही चालतो, परंतु मग रेग्युलेटर आणि परतीची लाइन तेवढा प्रवाह मागे पाठवू शकली पाहिजे, अन्यथा कार्बुरेटर वाहू लागेल. रेग्युलेटरची नळी टर्बोच्या तोंडाशी न जोडता कार्बुरेटरवरच्या टोपीला (टर्बोची हवा कार्बुरेटरच्या तोंडात नेणाऱ्या बंद डब्याला) जोडा. इंटरकूलरमधून येताना दाब घटतो आणि कार्बुरेटरला जाणवतो तो टोपीतला दाब.

इलेक्ट्रिक पंपाला रिले असा द्या की इंजिन बंद पडले की पंपही बंद पडेल. ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच या कामाला सोपा आहे. पंप टाकीजवळ आणि खाली बसवा. पेट्रोलचे सगळे होस नवे आणि इथेनॉल सोसणारे घ्या. जुन्या गाडीतले रबर इथेनॉलने फुगते आणि मऊ पडते. तीन पीएसआयला न गळणारा सांधा नऊला पिचकारी मारतो, तीही लाल तापलेल्या टर्बोपासून हातभर अंतरावर. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताला येईल असे बसवल्याशिवाय गाडी पहिल्यांदा सुरूच करू नये.

कार्बुरेटरची तयारी

कार्बुरेटर बाहेर काढून टेबलावर घ्या. हे काम घाईचे नाही. मी ते मुद्दाम पावसाळ्यात, मृगापासून चवथीपर्यंतच्या दिवसांत केले, कारण तेव्हा गाडी तशीही बाहेर काढता येत नाही.

बूस्टखाली कार्बुरेटर आतून बाहेर गळतो, विशेषतः थ्रॉटलच्या शाफ्टच्या दोन टोकांतून, आणि गळते ती नुसती हवा नसते, पेट्रोलची वाफ असते. शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली हलवून पाहा. जरा जरी खडखड जाणवली तरी चांगल्या टर्नरकडून नवे पितळी बुश आणि त्यात ओ-रिंगसाठी खाच करून घ्या. चोकचा शाफ्ट टोपीच्या आत येत असेल तर त्याला सील लागत नाही, बाहेर येत असेल तर लागते. फ्लोट चेंबरचा बाहेर उघडणारा श्वासमार्ग बंद करा. आतला, कार्बुरेटरच्या तोंडात उघडणारा, तसाच मोकळा ठेवा. पितळी पोकळ फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो गेला. तो चांगला असला तरी दाबाखाली पिचू शकतो, म्हणून भरीव फ्लोट मिळाला तर तोच घालावा.

मग चाचणी. चेंबरमध्ये पेट्रोलचा एक थेंबही नसताना खालचे तोंड रबर आणि पट्टीने बंद करा, टोपी बसवा, सायकलच्या पंपाने अर्धा बार हवा भरा आणि सगळीकडे साबणाचे पाणी लावा. माझ्या कार्बुरेटरला पहिल्या वेळी सात ठिकाणी बुडबुडे आले. त्यातला एक झाकणाच्या पॅकिंगमधून येत होता, कारण झाकणच मधोमध वाकलेले होते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ते घासून सपाट करायला एक संध्याकाळ गेली.

आता जेट. घट्ट हवा आली की कार्बुरेटर आपोआप जास्त पेट्रोल देतो, हे अर्धेच खरे आहे. व्हेंच्युरीतला (कार्बुरेटरच्या निमुळत्या मार्गातला) खेच वाढतो, परंतु पेट्रोल हवेइतक्या प्रमाणात वाढत नाही. हवेची घनता जितकी पट वाढते, तिच्या वर्गमुळाइतके मिश्रण पातळ होते. घनता १.३ पट झाली तर मिश्रण सुमारे १४ टक्के पातळ. त्यात पूर्ण थ्रॉटलच्या मुळातच श्रीमंत मिश्रणावर बूस्टसाठी मुद्दाम हवी असलेली आणखी ९ टक्के श्रीमंती आणि इथेनॉलमुळे लागणारी आणखी ८-९ टक्के वाढ धरली की पेट्रोल जवळजवळ ३५ टक्के वाढवावे लागते. जेटचे क्षेत्रफळ ३५ टक्के वाढते तेव्हा व्यास १६ टक्के वाढतो. १३० क्रमांकाचा जेट असेल तर १५०.

परंतु हा जेट दोन्ही घशांत (हवेच्या दोन मार्गांत) घातला तर शांत चालवताना गाडी काळा धूर ओकेल. दोन घशांच्या कार्बुरेटरमध्ये पहिला घसा रोजच्या चालीचा आणि दुसरा जोराचा असतो. म्हणून पहिल्याला इथेनॉलपुरतीच वाढ द्या आणि बूस्टची सगळी भर दुसऱ्याच्या जेटवर टाका. तो मग वरच्या हिशेबाहून आणखी मोठा होईल. दुसरा घसा निर्वाताच्या डायफ्रामने उघडत असेल तर बूस्टमध्ये त्याचे वागणे बदलते, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना योग्य दाब पोहोचतो का ते पाहा. जेट ड्रिलने मोठे करू नका, मापाचे विकत घ्या. ड्रिलने कडा खरवडली जाते आणि मग आकडा आणि प्रवाह यांचा मेळ राहत नाही. हे सर्व आकडे सुरुवातीचे आहेत. खरे उत्तर सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारे उपकरण, देतो. तो मिश्रण शुद्ध पेट्रोलच्या मापात (१४.७ च्या हिशेबात) दाखवत असेल तर वरच्या १०.८ ऐवजी पूर्ण बूस्टला ११.५ ते ११.८ वाचला पाहिजे. हा सेन्सर महाग वाटतो, पण चार पिस्टनांपेक्षा स्वस्त आहे.

ठिणगी

डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अॅडव्हान्स (निर्वाताच्या जोरावर ठिणगी लवकर पाडणारी डबी) एकमार्गी व्हॉल्व्हमागे ठेवा, म्हणजे त्याच्या डायफ्रामवर बूस्ट जाणार नाही. नंतर पूर्ण अॅडव्हान्सचे टायमिंग दर एक पीएसआय बूस्टमागे एक अंश या हिशेबाने मागे घ्या. प्लग एक श्रेणी थंड घ्या आणि त्याची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. दाट मिश्रणात रुंद फटीतून ठिणगी पडत नाही.

नॉकिंग ऐकण्यासाठी एक जुनी, साधी युक्ती आहे. तांब्याच्या नळीचे एक टोक चेपून, भोक पाडून इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टने आवळायचे, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती कानावरच्या आवाजरोधक कपात आणायची. शेजारी बसलेल्या माणसाने ती घालायची. नॉकिंग सुरू होताच पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि त्याने हात वर करताच चालकाने पाय काढायचा. इंजिनाच्या मोकळ्या आवाजात चालकाला तो ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आता टर्बो

मिनिटाला ४.६ किलो हवा, म्हणजे दहा पौंडांच्या आसपास. दाबाचे प्रमाण १.४. हे दोन आकडे घेऊन कॉम्प्रेसरचा नकाशा पाहायचा आणि हा बिंदू त्याच्या मधल्या, जास्त कार्यक्षमतेच्या भागात येतो का ते तपासायचे. एक ते दीड लिटरच्या गाड्यांचे टर्बो या मापात बसतात. फोंडा–कुंडई पट्ट्यात खाणीच्या ट्रकांचे आणि बार्जांचे टर्बो दुरुस्त करणारे जुने मेस्त आहेत. त्यांचा हात आणि त्यांची नजर अमूल्य आहे, परंतु त्यांच्याकडचा ट्रकचा टर्बो फुकट मिळाला तरी घेऊ नये, तो या इंजिनावर जागाच होणार नाही.

डिझेल गाडीचा छोटा टर्बो स्वस्त मिळतो, पण पेट्रोलच्या एक्झॉस्टचे तापमान ९०० अंशांच्या पुढे जाते आणि डिझेलचे टर्बो त्याहून बऱ्याच कमी तापमानासाठी बनवलेले असतात. हलत्या पात्यांचे तर मुळीच घेऊ नयेत. हलती पाती नसलेला साधा डिझेल टर्बो अल्पकाळच्या वापराला चालून जातो, मात्र त्याचा वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून बूस्ट मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह) बहुधा एक बारच्या आसपास उघडतो आणि आपल्याला ०.४ हवा आहे. स्प्रिंग बदलल्याशिवाय तो जोडू नका. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात पेट्रोल टर्बो गाड्या भरपूर आल्या आहेत आणि अपघातग्रस्त गाड्यांतून पाण्याने थंड होणारे त्यांचे टर्बो आता मिळू लागले आहेत. माझी पसंती त्यांना. घेताना शाफ्ट आत-बाहेर ढकलून पाहा: हालचाल जवळजवळ नसावी. बाजूला किंचित हलला तर चालतो, पण पाते टर्बोच्या कवचाला घासता कामा नये.

ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी बसवून टर्बोला ऑइल द्या. परतीचा पाइप किमान १६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, सतत उताराचा आणि संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलपात्रात) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारा असावा. तो कुठेही वर चढला तर ऑइल साचून टर्बो धूर सोडतो आणि लोक विनाकारण टर्बोला दोष देतात. क्रँककेसच्या श्वासनळीत एकमार्गी व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बूस्ट संपमध्ये शिरून ऑइल सील बाहेर ढकलेल. एअर फिल्टर बंपरमागे खाली लावू नका. आपल्या जुलैत रस्त्यावर साचलेले पाणी एका घोटात आत जाते.

पहिली सुरुवात

प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर फिरवा, टर्बोच्या परतीच्या पाइपातून ऑइल पडताना डोळ्यांनी पाहा आणि मगच प्लग लावा. पहिले दिवस वेस्टगेट उघडा बांधून, बूस्टविना चालवा. गळती, तापमान आणि शांत चालीचे मिश्रण जुळवा. नंतर ०.२ बार. सेन्सर, पेट्रोलचा दाब आणि बूस्ट हे तीन आकडे प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहा, आणि पेट्रोलचा दाब वजा बूस्ट (दोन्ही पीएसआयमध्ये) हा आकडा तीनच्या खाली आला तर त्या दिवसाचे काम तिथेच थांबवा. ०.२ वर सगळे स्थिर राहिले तरच ०.४. थांबण्यापूर्वी इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करा. इथेनॉल दमट हवेतले पाणी शोषते, पुरेसे पाणी झाले की ते इथेनॉलसह खाली बसते आणि पहिल्या स्टार्टला पंप तेच उचलतो. चवथीनंतर गाडी बाहेर काढताना पेट्रोल ताजे घाला, मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा, इंटरकूलरच्या पातळ पट्ट्यांत खाऱ्या हवेने धरलेला पांढरा गंज ब्रशने काढा आणि सायकलचा पंप व साबणाचे पाणी घेऊन कार्बुरेटरची चाचणी पुन्हा एकदा करा.